पडद्यावरचा रंग आणि पडद्यावरचा वेग

साडी खरेदी करावयास गेलेली जाणती गृहिणी दुकानांतील दिव्याच्या उजेडांत रंग पसंत करीत नाहीं. ती पदर हातांत घेऊन दुकानाच्या दाराशीं येते, उन्हांत तो उलगडून पाहते आणि मगच मान हलवते. दुकानदारालाही याचें वाईट वाटत नाहीं; कारण दिव्याखालीं जांभळा वाटणारा रंग दारांत आल्यावर वांगी निघतो, हें त्यालाही ठाऊक असतें. रंग जितका वस्तूंत असतो तितकाच तो उजेडांत आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो, हें शास्त्राचें तत्त्व त्या गृहिणीनें कोणत्याही पुस्तकावांचून आत्मसात केलेलें असतें.

संगणकाच्या पडद्याला मात्र असें दार नसतें. त्यावर दिसणारा रंग उन्हांत नेऊन पारखतां येत नाहीं. उन्हांत नेल्यास तो दिसेनासाच होतो. छायाचित्रें, चित्रपट, मुलांचे खेळ, दुकानांतील मालाचे नमुने, दूरदेशीं राहणाऱ्या मुलाबाळांचे चेहरे, हें सर्व आतां पडद्यावरून घरांत येतें. तेव्हां पडदा कोणता घ्यावा हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा राहिलेला नाहीं, तो संसाराचा झाला आहे. त्यांतही एकाच पडद्याकडून रंगाचा खरेपणा आणि खेळाचा वेग अशा दोन्ही गोष्टींची अपेक्षा असली म्हणजे तो प्रश्न अधिक नाजूक होतो. त्याचाच येथें विचार करावयाचा आहे.

पुणें जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यांत, बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या रस्त्यावर, निमगांव केतकी हें गांव आहे. नागवेलीच्या पानांविषयीं या गांवाची ख्याति आहे. पानमळ्याच्या गार सावलींत वाढलेल्या माणसाला हिरवा हा एक रंग नसून तें एक मोठें कुटुंब आहे हें सांगावें लागत नाहीं. कोवळ्या पानाचा पोपटी, जून पानाचा काळपट हिरवा आणि पिकूं लागलेल्या पानाचा पिवळसर, यांतील अंतर त्याला एका नजरेंत कळतें. आषाढी वारीच्या दिवसांत श्रीतुकाराममहाराजांची पालखी याच वाटेनें इंदापूरकडे जाते. त्या वेळीं हिरव्या शिवारांतून पांढऱ्या वस्त्रांचा आणि भगव्या पताकांचा जो प्रवाह वाहूं लागतो, तो पाहून छायाचित्र घेण्याचा मोह कोणाला होणार नाहीं?

अशा गांवांतील एखादें घर कल्पनेनें डोळ्यांसमोर आणावें. वडिलांचा पानमळा आहे. थोरली मुलगी लग्नकार्यांचीं आणि वारीचीं छायाचित्रें काढते, त्यांचे आल्बम सिद्ध करते, आणि डाळिंबाच्या पेट्यांवर डकवावयाचीं लेबलेंही रचून देते. धाकटा मुलगा कॉलेजांत शिकतो आणि रात्रीं अभ्यास आटोपल्यावर मित्रांशीं संगणकावर शर्यतींचे व लढायांचे खेळ खेळतो. घरांतला मॉनिटर जुना झाला आहे. नवा घ्यावयाचा तर एकच घेण्याइतकी शिल्लक गांठीं आहे.

प्रश्न निकडीचा होण्यास एक प्रसंग कारण झाला. एका लग्नाचा आल्बम छापून आला तेव्हां नवरीच्या आईनें पहिलेंच पान उघडून तो मिटला. "हा शालू आमचा नव्हे. आमचा हिरवा होता, हा निळा आहे," एवढेंच त्या बाई म्हणाल्या. त्यांचें म्हणणें खरें होतें. झालें होतें असें कीं, जुन्या मॉनिटरचा दिवा वर्षानुवर्षें जळून पिवळसर पडला होता. त्यामुळें प्रत्येक छायाचित्र मुलीला पिवळट दिसे, आणि ती पिवळेपणा घालविण्यासाठीं त्यांत थोडा थोडा निळा रंग मिसळी. तिच्या पडद्यावर चित्र ठीक दिसूं लागलें, पण कागदाला त्या पिवळ्या दिव्याची गोष्ट माहीत नव्हती. त्यानें मिसळलेला निळा रंग इमानानें उमटवला. आल्बम पदरच्या पैशानें पुन्हां छापावा लागला. पैशापेक्षांही, गांवांत एकदां 'हिचे रंग चुकतात' असें नांव झालें तर पुढची लग्नसराई हातची जाणार, ही चिंता मोठी होती.

धाकट्याची अडचण वेगळी होती. "ताई, तुझ्या पडद्यावर गाडी वळली कीं तिच्यामागें रंगाचा ओघळ येतो. मला दिसेपर्यंत दुसरा पुढें गेलेला असतो," असें तो म्हणे. "तुझ्या खेळापायीं लोकांचे शालू निळे करायचे का?" असें ती विचारी. वडील दोघांचें ऐकून घेत आणि सुपारी कातरीत बसत.

हा वाद सुटण्यासाठीं पडद्यावर रंग येतो कसा, हें प्रथम पाहिलें पाहिजे. १८६१ सालीं जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञानें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें एक प्रयोग दाखविला. चौकड्यांच्या एका रंगीत फितीचीं तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून निरनिराळीं छायाचित्रें घेऊन, तींच पुन्हां त्या त्या रंगाच्या प्रकाशानें एकावर एक पाडलीं, तेव्हां फितीचे रंग प्रगट झाले. आजचा प्रत्येक पडदा त्याच तत्त्वावर चालतो. पडद्यावर लक्षावधि बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूच्या पोटांत तांबडी, हिरवी आणि निळी अशा तीन चिमुकल्या खिडक्या असतात. मागें एक दिवा अखंड जळत असतो आणि द्रवस्फटिकांचीं दारें त्या खिडक्या कमीअधिक उघडतात. सामान्यतः प्रत्येक खिडकीच्या उघडझांपीचे २५६ टप्पे असतात. तिन्हींचा गुणाकार केला म्हणजे १,६७,७७,२१६ छटा होतात. जाहिरातींत 'दीड कोटीहून अधिक रंग' म्हणून जो आंकडा झळकतो तो हाच.

परंतु छटांची संख्या आणि रंगांचा खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी होत. प्रत्येक पेटीला पांढऱ्या-काळ्या पट्ट्या तेवढ्याच असतात. म्हणून प्रत्येक पेटी सुरांत असते असें नव्हे. पट्टी तीच, पण आंतला सूर चढलेला असेल तर गाणाऱ्याचा षड्ज जुळणार नाहीं. पडद्याचेंही असेंच आहे. 'तांबडा पूर्ण उघड' अशी आज्ञा दोन मॉनिटरांना दिली, तर एक शेंदरी दाखवील आणि दुसरा डाळिंबी. म्हणून सर्वांनीं एकच षड्ज मानण्याची आवश्यकता उत्पन्न झाली. १९९६ सालीं ह्युलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनीं 'एसआरजीबी' नांवाचें एक मान सुचविलें आणि १९९९ सालीं त्याला आंतरराष्ट्रीय प्रमाणाचें स्वरूप आलें. तांबडा म्हणजे कोणता तांबडा, हिरवा म्हणजे कोणता हिरवा आणि पांढरा म्हणजे किती पांढरा, हें त्यांत निश्चित केलेलें आहे. सामान्य छायाचित्रें आणि बहुतेक खेळ याच मानावर बेतलेले असतात, आणि छायाचित्रें छापून देणारे बहुतेक छापखानेही याच मानांतील चित्रें मागतात.

हें मान नसलें म्हणजे काय होतें, याचा अनुभव महाराष्ट्रानें फार पूर्वीं घेतलेला आहे. कोल्हापुरांत १९२९ सालीं स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीनें 'सैरंध्री' हा चित्रपट रंगीत करण्याचें धाडस केलें. व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखालीं निघालेला हा चित्रपट १९३३ सालीं पुढें आला. त्याच्या रंगप्रक्रियेचें काम जर्मनींत करवून घेण्यांत आलें होतें. हौस मोठी, खर्चही मोठा. परंतु रंग मनासारखे उतरले नाहींत. कोल्हापुरांतील डोळ्यांनीं पाहिलेला रंग आणि परमुलखांतील रसायनांतून निघालेला रंग यांचा मेळ घालणें त्या काळीं सोपें नव्हतें. त्याच शांताराम यांनीं पुढें १९५५ सालच्या 'झनक झनक पायल बाजे' या चित्रपटांत रंगांची जी मौज दाखविली, ती सर्वश्रुत आहे. मधल्या दोन तपांत हौस होती तितकीच राहिली होती. रंग मोजण्याची आणि राखण्याची विद्या तेवढी पुढें गेली होती. निमगांवच्या मुलीचा निळा शालू आणि 'सैरंध्री'चे रंग यांत प्रमाणाचा फरक असेल, जातीचा नाहीं.

रंगाची चूक मोजण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं एक परिमाण ठरविलें आहे. त्यास 'डेल्टा-ई' म्हणतात. जो रंग हवा तो आणि जो दिसला तो, यांतील अंतराचा हा आंकडा होय. अंतर शून्य म्हणजे पूर्ण खरेपणा. एकाच्या आसपास असलेलें अंतर सरावलेल्या डोळ्यालाही महत्प्रयासानें कळतें; सरासरी दोनच्या आंत असेल तर छायाचित्राचें काम निर्धास्तपणें करावें; पांचाच्या पुढें गेलें म्हणजे शालूवरून तंटा व्हावयास जागा झाली. कांहीं मॉनिटरांबरोबर कारखान्यांत केलेल्या मोजणीचा कागद येतो. तो कागद पाहून घ्यावा, परंतु त्यावरच जन्मभर विसंबूं नये. कारण दिवा जसा जुना होतो तसा रंग ढळतो. पडद्यावर टेकवून रंग मोजणारें एक लहान उपकरण मिळतें. तें दर एक-दोन महिन्यांनीं लावावें आणि पडदा सुरांत आणावा. ज्याचें पोट रंगावर अवलंबून आहे त्यानें मॉनिटरच्या किंमतींत या उपकरणाची किंमत आरंभींच धरावी. प्रत्येक घरानें तें विकत घेतलेंच पाहिजे असें नाहीं. एका गांवांतील चार छायाचित्रकारांनीं मिळून एक घेतलें तरी चालतें.

येथें एका मोहाविषयीं सावध केलें पाहिजे. अलीकडील अनेक मॉनिटर एसआरजीबीपेक्षां मोठा रंगपट दाखवितात, आणि विक्रेता तें मोठ्या अभिमानानें सांगतो. मोठा रंगपट ही वाईट गोष्ट नव्हे. चित्रपटाच्या कामाला ती उपयोगी पडते. पण लहान मानावर बेतलेलें चित्र मोठ्या पटावर ताणून दाखविलें म्हणजे प्रत्येक रंग भडक होतो. वारीच्या छायाचित्रांतील ऊनपावसानें विटलेली भगवी पताका पेटल्यासारखी दिसते आणि वारकऱ्याचा उन्हानें रापलेला चेहरा गुलाल लावल्यासारखा दिसतो. पाहणाऱ्याला क्षणभर तें आवडतेंही. मग मुलगी तो भडकपणा खालीं आणते, आणि छापून आलेलें चित्र निस्तेज निघतें. म्हणून ज्या मॉनिटरमध्यें मोठा रंगपट आहे, त्यांत तो आवळून एसआरजीबीच्या मर्यादेंत आणण्याची सोय आहे किंवा नाहीं, आणि त्या सोयींत उजेड कमीजास्त करतां येतो किंवा नाहीं, हें विचारून घ्यावें. कांहीं मॉनिटरांत ही सोय असते खरी, पण ती लावली कीं उजेडाची कळ बंद पडते. असली सोय गैरसोयीहून बरी नव्हे.

आतां पडद्यांच्या जातींकडे वळावें. द्रवस्फटिकांच्या पडद्यांत मुख्यतः तीन घराणीं आहेत. पहिलें 'टीएन'. हें सर्वांत जुनें, स्वस्त आणि चपळ. परंतु समोरून हिरवा दिसणारा रंग मान थोडी वरखालीं केली कीं बदलतो. दोन माणसें शेजारीं बसून एकच चित्र पाहत असलीं तर दोघांना दोन रंग दिसतात. रंगाच्या कामास हें घराणें निरुपयोगी होय. दुसरें 'व्हीए'. याचा काळा रंग खोल असतो. पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडांतील प्रमाण सुमारें तीन हजारांस एक असें सहज मिळतें. अंधाऱ्या खोलींत चित्रपट पाहणाऱ्याला तें सुखावतें. परंतु यांतील अनेक पडद्यांवर काळ्या रंगांतून करड्यांत जातांना स्फटिक आळसावतात, आणि अंधारी दृश्यें धांवूं लागलीं कीं मागें काजळाचा ओघळ राहतो. तिसरें 'आयपीएस'. याचा काळा तितका खोल नसतो, प्रमाण साधारण हजारास एक असतें. परंतु कडेनें पाहिलें तरी रंग ढळत नाहीं, आणि छटांचा खरेपणा या घराण्यांत सर्वांत भरंवशाचा असतो. पूर्वीं हे पडदे मंद असत, म्हणून खेळणारे त्यांच्या वाटेस जात नसत. ती स्थिति आतां राहिलेली नाहीं. चपळ आयपीएस पडदे निघाल्यापासून ताईचा रंग आणि धाकट्याचा वेग एका चौकटींत नांदूं लागले आहेत.

चौथी जात 'ओएलईडी'ची. यांत मागें वेगळा दिवाच नसतो. प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो आणि स्वतः विझतो. त्यामुळें काळा म्हणजे खरोखर काळा, आणि वेग तर डोळ्याला मागें टाकणारा. परंतु एकाच जागीं तासन् तास स्थिर राहणारी आकृति या पडद्यावर कालांतरानें आपला ठसा ठेवून जाण्याचा संभव असतो. छायाचित्रें सुधारण्याच्या कामांत पडद्याच्या कडेला अवजारांची तीच पट्टी दिवसभर उभी असते. म्हणून दिवसा आठ तास काम आणि रात्रीं दोन तास खेळ, असा ज्या घराचा दिनक्रम आहे, त्यानें या देखण्या पाहुण्याला घरांत घेण्यापूर्वीं त्याच्या हमींत अशा ठशांचा समावेश आहे काय, हें वाचून पाहावें.

वेगाचा हिशेब मात्र अगदीं सरळ आहे. साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळां चित्र बदलतो. म्हणजे दर चित्र सुमारें १६.७ सहस्रांश सेकंद थांबतें. १४४ वेळां बदलणाऱ्या मॉनिटरवर तेंच चित्र सुमारें ६.९ सहस्रांश थांबतें आणि २४० वेळां बदलणाऱ्यावर ४.२. पहिल्या उडींत जवळजवळ दहा सहस्रांशांचा लाभ झाला. दुसऱ्या उडींत तीनही सहस्रांशांचा नाहीं. ६० वरून १४४ वर जाणाऱ्याला पहिल्या मिनिटांतच फरक जाणवतो. त्यापुढें पैसे पुष्कळ वाढतात आणि लाभ थोडा होतो. स्पर्धेसाठीं खेळणाऱ्यानें तो थोडा लाभ विकत घ्यावा. अभ्यासानंतर विरंगुळा म्हणून खेळणाऱ्यानें ते पैसे रंगावर खर्च करावे.

'एक सहस्रांश सेकंदांत प्रतिसाद' ही जाहिरातींतील दुसरी आवडती ओळ. स्फटिकांना चाबूक मारून फार पळविलें म्हणजे हा आंकडा मिळतो, पण मग ते ठरल्या जागेच्या पुढें जाऊन परत येतात आणि धांवत्या गाडीमागें उजळ कडा दिसूं लागते. मॉनिटरमध्यें या ताणाच्या दोनतीन पायऱ्या असतात. बहुधा मधली पायरी उत्तम. चित्र तयार करणारा संगणक आणि तें दाखविणारा पडदा यांची ताल जुळविणारी योजना मॉनिटरमध्यें आहे काय, हेंही पाहावें. ती नसली म्हणजे अर्धें चित्र आधींचें आणि अर्धें नंतरचें असा फाटलेला देखावा मधूनमधून दिसतो.

पडद्याचा आकार आणि बिंदूंची संख्या यांचा विचार एकत्रच केला पाहिजे. १९२० गुणिले १०८० बिंदू म्हणजे सुमारें २०.७ लाख, २५६० गुणिले १४४० म्हणजे सुमारें ३६.९ लाख, आणि ज्यास 'फोर-के' म्हणतात त्या ३८४० गुणिले २१६० मध्यें सुमारें ८२.९ लाख. पहिली संख्या २४ इंची पडद्यावर दर इंचास सुमारें ९२ बिंदू देते, आणि तें पुरेसें आहे. तीच २७ इंचांवर पसरली तर दर इंचास ८२ च बिंदू राहतात आणि अक्षरांच्या कडा खडबडीत दिसतात. दुसरी संख्या २७ इंचांवर सुमारें १०९ बिंदू देते; हा मेळ काम आणि खेळ या दोहोंना मानवतो. तिसरी संख्या छायाचित्रकाराच्या डोळ्यांचें पारणें फेडते, पण खेळतांना संगणकाला पहिल्याच्या चौपट बिंदू रंगवावे लागतात. ज्या संगणकाची तेवढी ताकद नाहीं, त्याला असा पडदा जोडणें म्हणजे एका बैलाच्या गाडीला दोन गाड्यांचा ऊंस भरणें होय. मॉनिटर घेण्यापूर्वीं संगणकाची ताकद पाहावी ती याचसाठीं.

मॉनिटर घरीं आणल्यावरही दोन चुका हटकून होतात. पहिली, जुनीच तार जोडली जाते आणि ती नव्या वेगाचा भार वाहूं शकत नाहीं. म्हणून पेटींतून आलेली तारच वापरावी. दुसरी, संगणकाच्या मांडणींत वेग ६० वरच राहतो आणि १४४ चे पैसे मोजलेला मनुष्य वर्षभर ६० च पाहतो. हा आंकडा स्वतः जाऊन बदलावा लागतो. रात्रीं डोळ्यांना त्रास होऊं नये म्हणून पडदा पिवळसर करणारी एक सोय असते. ती वाचनास चांगली, परंतु रंगाचें काम करतांना तिनें तोच जुना पिवळ्या दिव्याचा घोळ पुन्हां घातला म्हणून समजावें.

खोलीकडे तर कोणाचेंच लक्ष नसतें. पडदा कितीही खरा असला तरी त्याच्यावर खिडकीचें ऊन पडत असेल, किंवा मागची भिंत गर्द गुलाबी असेल, तर डोळा फसतोच. खिडकी पडद्याच्या समोर नसावी, पाठीशींही नसावी. ती बाजूला असावी. खोलींत एकच एक पांढरा, बेताचा दिवा असावा, आणि भिंत शक्य तर फिकी असावी. छपाईच्या कामासाठीं पडद्याचा उजेड बेताचा, म्हणजे सुमारें १२० निट, ठेवावा. कागद स्वतः प्रकाशत नाहीं, हें विसरून उजेड चढवून काम केलें म्हणजे छापलेलीं चित्रें काळवंडलेलीं येतात. मॉनिटर सुरूं केल्यावर अर्धा तास तापूं द्यावा आणि मग रंगाला हात घालावा. जेथें विजेचा दाब वरखालीं होतो तेथें मॉनिटर आणि संगणक दोहोंना बॅटरीच्या आधारावर ठेवणें हें केवळ कामाच्या नव्हे तर यंत्राच्याही आयुष्याच्या दृष्टीनें हिताचें आहे.

इतका विचार झाल्यावर घरांतील मंडळी दुकानांत जातात. तेथें दहा मॉनिटर एका ओळींत झगमगत असतात. समुद्राखालचे मासे, रंगीबेरंगी पोपट आणि वितळत्या रंगांचे फवारे. हीं चित्रें मॉनिटरची परीक्षा घेण्यासाठीं नसून गिऱ्हाइकाची घेण्यासाठीं असतात. शहाण्यानें स्वतःचें चित्र बरोबर न्यावें. निमगांवच्या मुलीजवळ तर उत्तम परीक्षापत्रिका तयार असते: तिनें काढलेलें पालखीचें छायाचित्र. वारकऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावरील चुण्या दिसतात कीं सदरा नुसता पांढरा डाग झाला, हें पाहावें. म्हणजे उजळ भागाची परीक्षा झाली. कपाळावरचा बुक्का आणि केसांचा काळा हे वेगळे दिसतात कीं एक होतात, हें पाहावें. म्हणजे गडद भागाची झाली. पताकेचा भगवा पेटत नाहीं ना, तुळशीचा हिरवा प्लास्टिकसारखा होत नाहीं ना, आणि म्हाताऱ्या वारकरणीच्या गालाचा रंग माणसाचा दिसतो ना, हें पाहावें. मग बाजूला सरकून तेंच चित्र पुन्हां पाहावें. शेवटीं एक संपूर्ण करडें चित्र लावावें. त्यांत कोठें गुलाबी किंवा हिरवट ढग दिसला तर तो पडदा तेथेंच ठेवून यावा. धाकट्यानें त्याच पडद्यावर अक्षरांचें एखादें लांब पान भराभर वर सरकवावें. सरकतांना अक्षरें वाचतां आलीं तर त्याचीही परीक्षा झाली.

या कल्पनेंतील घरापुरतें सांगावयाचें तर निवाडा फारसा अवघड नाहीं. सत्तावीस इंची, २५६० गुणिले १४४० बिंदूंचा, चपळ आयपीएस जातीचा, सेकंदाला १४४ किंवा किंचित् अधिक वेळां चित्र बदलणारा, कारखान्यांतील मोजणीचा कागद बरोबर असलेला आणि एसआरजीबीची मर्यादा पाळणारा मॉनिटर त्या घरानें घ्यावा. त्यांत दोन मांडण्या साठवून ठेवाव्या: दिवसाची मांडणी मोजून बसविलेली, बेताच्या उजेडाची, रात्रीची मांडणी खेळाची, धाकट्याच्या आवडीची. कळ दाबली कीं एकीची जागा दुसरी घेते, आणि सकाळीं ताईला तिचा रंग जागच्या जागीं सांपडतो. यांत धाकट्याला सर्वांत मोठा वेग मिळाला नाहीं, आणि ताईला सर्वांत मोठा रंगपट मिळाला नाहीं. परंतु ज्यावांचून दोघांचें अडत होतें तें दोघांनाही मिळालें. संसारांतील बहुतेक चांगल्या खरेद्या अशाच असतात.

राहिली वडिलांची गोष्ट. नवा मॉनिटर टेबलावर आल्यावर त्यांनीं मळ्यांतून एक पान खुडून आणलें आणि मुलीनें घेतलेल्या पानांच्या छायाचित्राशेजारीं तें धरलें. पडद्यावरचें पान आणि हातांतलें पान हुबेहुब एक दिसलें नाहीं. मुलगी हिरमुसली. तेव्हां वडील म्हणाले, "अग, हें पान तूं कधीं घेतलेंस? सकाळीं मळ्यांत. आणि मी दाखवतों कुठें? दिव्याखालीं. पान उजेडांत बघायचें असतें." खिडकी उघडून पान दिवसाच्या उजेडांत धरलें तेव्हां तें पडद्यावरच्या पानाच्या पुष्कळच जवळ आलें. पडदा प्रकाश देतो आणि पान प्रकाश घेतें. दोघांची जात वेगळी असल्यानें ते सर्वस्वीं एक कधींच होणार नाहींत. त्यांना जवळ आणणें एवढेंच मनुष्याच्या हातीं आहे. पण तें जवळ आणण्याचें माप ठरलेलें असावें, सर्वांचें एक असावें, आणि वेळोवेळीं तपासलेलें असावें.

साडीचा पदर दुकानाच्या दारांत नेणाऱ्या गृहिणीनें हेंच केलें होतें. संगणकाच्या पडद्याला दार नाहीं, हें खरें. परंतु ठरलेलें मान, मोजणीचें उपकरण आणि नीट लावलेली खोली, या तीन फळ्या जोडल्या म्हणजे त्यालाही एक दार तयार होतें. त्या दारांत उभें राहून जो रंग पाहील, त्याचा आल्बम परत येणार नाहीं.